आत्मिक अधिकार (सिंगापूरमधील ख्रिस्ती परंपरा)

दुष्टात्मे, भूतबाधा आणि सैतानी सत्ता यांच्यावर येशूच्या नावाने हुकमत चालवता येते ही ख्रिस्ती श्रद्धा, व तिच्याभोवती रूढ झालेला आचार. नोंद सिंगापूरपुरती मर्यादित आहे. श्रद्धेचे आधार नव्या करारात विखुरलेले आहेत : बारा शिष्यांना अशुद्ध आत्म्यांवर मिळालेला अधिकार (मत्तय १०), कामगिरीवरून परतलेल्या शिष्यांचा हर्ष (लूक १०), सैतानाला अडवण्याची आज्ञा (याकोब ४), देवाच्या शस्त्रसामग्रीचे वर्णन (इफिसकरांस पत्र ६). याच करारात उलटा दाखलाही आहे. स्किवाच्या मुलांनी येशूचे नाव उसने घेऊन भूत काढायला सुरुवात केली, तेव्हा पछाडलेल्या माणसाने त्यांनाच झोडपून उघडेनागडे पळवून लावले (प्रेषितांची कृत्ये १९). हुकमत नावात असते की ते नाव घेणाऱ्याला कोणी धाडले आहे यात, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. सिंगापूरमधले बहुतेक मतभेद फिरून याच प्रश्नाशी येऊन थांबतात. भुते आहेत की नाहीत यावर तेथे फारसे कोणी भांडत नाही.

पार्श्वभूमी : २०२० च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरील रहिवाशांपैकी १८.९ टक्के ख्रिस्ती होते. १९८० मध्ये हे प्रमाण सुमारे १० टक्के होते. वाढ मुख्यतः चिनी वंशाच्या, इंग्रजी शिकलेल्या घरांत झाली. या घरांची आधीची पिढी ताओ, बौद्ध आणि पूर्वजपूजेच्या संमिश्र परंपरेतली. देव अंगात येणारे ‘तांग-की’, म्हणजे आपल्याकडच्या देवऱ्हषींचे चिनी भाऊबंद, तेथे अजूनही आहेत. त्यांच्यावर ॲलन एलियट यांचा ‘चायनीज स्पिरिट-मीडियम कल्ट्स इन सिंगापूर’ (१९५५) हा ग्रंथ आजही आधारभूत मानला जातो. चांद्र वर्षाच्या सातव्या महिन्यात भुकेल्या पितरांसाठी रस्त्याकडेला कागदी नोटा जाळतात. तमिळ वस्तीत मुनीश्वरन हा रक्षक देव आहे, मलय लोकांत बोमोह हा मांत्रिक आहे. नव्याने ख्रिस्ती झालेल्या माणसाला दुष्टात्म्यांवर विश्वास ठेवायला कोणी शिकवावे लागत नाही. तो विश्वास त्याने घरूनच आणलेला असतो. त्याला हवा असतो तो त्यांच्याहून वरचढ असा कोणी.

कॅथलिक परंपरा : येथे अधिकार बिशपकडून खाली येतो. धर्मविधीसंहितेच्या ११७२ व्या कलमानुसार स्थानिक धर्माध्यक्षाच्या खास आणि स्पष्ट परवानगीवाचून कोणालाही भूतनिवारणाचा विधी करता येत नाही. परवानगी मिळते ती धर्मगुरूलाच, आणि तो भक्ती, ज्ञान, विवेक व शुद्ध आचरण यांबद्दल ओळखला जाणारा असावा लागतो. १६१४ च्या रोमन विधिग्रंथातला पाठ १९९८ साली सुधारण्यात आला. सुटकेसाठीची साधी प्रार्थना मात्र या विधीहून वेगळी मानली जाते आणि तिला ही अट तशी लागू होत नाही. कागदावर हा भेद स्वच्छ आहे. प्रत्यक्षात ओरडणारा माणूस समोर असताना तो कितपत पाळता येतो, हे पुढील खटल्यावरून दिसते.

थॉम्सन रोडवरील सेंट अल्फॉन्सस चर्च (रूढ नाव ‘नोव्हेना चर्च’) रेडेम्प्टोरिस्ट संघाकडे आहे. शनिवारच्या नोव्हेनाला (ठरावीक भक्तिप्रार्थनेला) तेथे इतर धर्मांचे लोकही विनंतीच्या चिठ्ठ्या घेऊन येतात. ऑगस्ट २००४ मध्ये एका स्त्रीला तिचे कुटुंबीय येथे घेऊन आले. आपल्याला दाबून धरून बळजबरीने भूतनिवारणाचा विधी केला व त्यातून मानसिक इजा झाली, असा दावा तिने नंतर दोन धर्मगुरू व इतरांविरुद्ध दाखल केला. विधी झालाच नाही, विनंतीवरून केवळ प्रार्थना केली आणि तिला स्वतःला इजा होऊ नये एवढ्यापुरतेच धरले, असे प्रतिवादींचे म्हणणे होते. उच्च न्यायालयाने दावा फेटाळला. सविस्तर निकालपत्र २००९ चे आहे. भूत होते का, हे ठरवणे न्यायालयाचे काम नव्हते. बळजबरी झाली का आणि इजा झाली का, एवढेच त्याने पाहिले. सिंगापूरमधल्या अशा प्रार्थनेचा मिनिटामिनिटाचा तपशील, तोही उलटतपासणीतून गेलेला, जाहीर कागदपत्रांत सहसा सापडत नाही. म्हणून अभ्यासकांनी हे निकालपत्र धर्मशास्त्राच्या पुस्तकांइतकेच बारकाईने वाचावे.

प्रॉटेस्टंट व करिस्मॅटिक परंपरा : १९३५ साली चिनी सुवार्तिक जॉन सुंग यांच्या तेलोक आयर येथील सभांनी पश्चात्ताप आणि रोगमुक्तीची प्रार्थना चिनी मंडळ्यांत रुजवली. मोठी लाट आली ती १९७२ मध्ये, आणि शाळकरी मुलांतून. अँग्लो-चायनीज स्कूल व इतर काही शाळांतली मुले ‘अन्य भाषां’त (आत्म्याच्या प्रेरणेने उमटणाऱ्या, न शिकलेल्या बोलीत) प्रार्थना करू लागली. या घडामोडी पुढे ‘क्लॉक टॉवर’च्या (शाळेच्या घड्याळाच्या मनोऱ्याच्या) नावाने ओळखल्या गेल्या. त्याच सुमारास बँकॉकच्या आंतरराष्ट्रीय मिशन परिषदेला गेलेले अँग्लिकन बिशप च्यू बान इट (कार्यकाळ १९६६–८२) यांना पवित्र आत्म्याचा अनुभव आला आणि परतल्यावर त्यांनी सेंट अँड्र्यूज कॅथीड्रलमध्ये करिस्मॅटिक (पवित्र आत्म्याच्या वरदानांवर भर देणारी) उपासना सुरू केली. चळवळीला एकाच वेळी वरून बिशप आणि खालून विद्यार्थी मिळाले. परिणामी अधिकार वेदीवरून उतरून घराघरांतल्या प्रार्थनागटांत पोचला. या मतानुसार बाप्तिस्मा घेतलेल्या कोणाही विश्वासणाऱ्याने ‘येशूच्या नावाने’ आज्ञा करावी. पाळकाची वाट पाहण्याचे कारण नाही.

च्यू यांच्यानंतरचे बिशप (१९९६ पासून आग्नेय आशिया प्रांताचे पहिले आर्चबिशप) मोझेस टे हे व्यवसायाने डॉक्टर. १९९० च्या दशकाच्या आरंभी व्हँकूव्हरला गेले असता स्टॅन्ली पार्कमधले आदिवासी टोटेम स्तंभ त्यांना दुष्टात्म्यांनी व्यापलेल्या मूर्ती वाटल्या आणि त्यांचा बंदोबस्त प्रार्थनेने करावा असे त्यांचे मत पडले. स्थानिक अँग्लिकन मंडळी आदिवासींशी तुटलेले नाते सांधू पाहत होती, ती हादरली. फिलिप जेन्किन्स यांनी ‘द नेक्स्ट ख्रिस्टेन्डम’ या ग्रंथात (२००२) हा प्रसंग दिला आहे. तो विक्षिप्तपणाचा नमुना म्हणून वाचणे सोपे आहे. पण ज्याचे बरेचसे सभासद वेदीवरच्या मूर्ती घरातून नुकत्याच काढून आले आहेत, अशा बिशपप्रांतात हे मत सर्वसाधारण होते.

१९९० च्या दशकात अमेरिकी धर्मशास्त्रज्ञ पीटर वॅग्नर यांच्या ‘प्रादेशिक आत्म्यां’च्या सिद्धांताची भर पडली. शहरावर, वस्तीवर एखाद्या आत्म्याची सत्ता असते आणि ती प्रार्थनेने मोडायची, असे हा सिद्धांत सांगतो. १९९५ मध्ये सुरू झालेल्या ‘लव्हसिंगापूर’ चळवळीशी संलग्न चर्चांनी वस्त्यावस्त्यांतून पायी फिरत प्रार्थना केल्या. मानववंशशास्त्रज्ञ जीन डीबर्नार्डी यांनी १९९९ मध्ये या ‘व्यवहारी धर्मशास्त्रा’ची चिकित्सा केली. हे धर्मशास्त्र अमेरिकेहून आले खरे, पण सिंगापूरच्या चिनी लोकधर्मातली स्थानदेवतांची कल्पना त्याच्या स्वागताला आधीच उभी होती.

बायबल-प्रेसबिटेरियन, ब्रेदरन : करिस्मॅटिक चळवळीला विरोध.

दैनंदिन आचार : नव्या सदनिकेत राहायला जाताना, किंवा घरातले जुने देवघर निघाल्यावर, प्रार्थनागट बोलावतात. मंडळी खोल्याखोल्यांतून फिरते. दाराच्या चौकटीवर ऑलिव्ह तेलाच्या बोटाने क्रूस काढतात. आधीच्या मालकाच्या लाल देव्हाऱ्याचे खिळे भिंतीत राहिले असतील तर तेथे थोडे जास्त थांबतात. व्यक्तीच्या सुटकेच्या प्रार्थनेआधी पुष्कळदा यादी भरून घेतात : ताईत, ज्योतिष, तांग-कीकडे जाणे, लहानपणी एखाद्या देवाचे मानसपुत्र म्हणून वाहिले जाणे. यादीतली एकेक बाब मोठ्याने नाकारायची असते. बांधणे, सोडवणे, येशूच्या रक्ताचे आच्छादन मागणे ही बोलण्यातली नित्याची भाषा.

खरी अडचण मूर्तीची नसते, आजीची असते. देव्हारा तिचा, घर बहुधा वडिलांच्या नावावर, आणि बाप्तिस्मा घेतला आहे तो नातवाने. आपल्या मालकीचे तेवढेच टाकावे, थोरल्यांच्या वस्तूंना हात लावू नये, असा सल्ला जाणते पाळक देतात. अतिउत्साही नवशिके तो नेहमीच मानतात असे नाही. नकोशा झालेल्या मूर्ती देवळात परत देतात किंवा रस्त्याकडेच्या एखाद्या मोठ्या झाडाखाली ठेवून येतात. तेथे दुसरेच कोणी त्यांना उदबत्ती लावू लागते. अंत्यविधीत वडिलांच्या पार्थिवापुढे उदबत्ती धरावी का, नुसती मान झुकवली तर चालेल का, नैवेद्याचे अन्न खावे का, या प्रश्नांवर चर्चांत एकवाक्यता नाही.

वैद्यक व पाळकीय चिकित्सा : या विषयावरचा सर्वांत भरीव स्थानिक ग्रंथ रॉबर्ट सॉलोमन यांचा ‘लिव्हिंग इन टू वर्ल्ड्स : पास्टोरल रिस्पॉन्सेस टु पझेशन इन सिंगापूर’ (१९९४). सॉलोमनही डॉक्टर, पुढे २००० ते २०१२ या काळात ते मेथडिस्ट चर्चचे बिशप होते. आधुनिक, इस्पितळात जाणारे जग आणि आत्म्यांनी भरलेले जग या दोहोंत एकच माणूस एकाच वेळी राहतो, हे ग्रंथाच्या नावातच आले आहे. पाळकाने त्यांतले एक खोटे ठरवून दुसऱ्यात उडी मारू नये, असा ग्रंथाचा रोख आहे. टे आणि सॉलोमन या दोन डॉक्टर-बिशपांची मते शेजारी ठेवून पाहिली, तर वैद्यकीय शिक्षणाने भुतांवरचा विश्वास जातो ही समजूत टिकत नाही. दोघांत फरक दिसतो तो आज्ञा करण्याच्या घाईत. अंगात येण्याच्या प्रकारांवर कुआ व सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये चिनी, मलय व भारतीय रुग्णांचा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध केला.

राज्यसंस्था : धार्मिक सलोखा अधिनियम १९९० साली संमत झाला. इतरांचे देव म्हणजे सैतान, असे घरात मानता येते. जाहीर व्यासपीठावरून बोलणे अंगाशी येऊ शकते. २०१० मध्ये बौद्ध व ताओ मतांची खिल्ली उडवणाऱ्या चित्रफितीवरून एका मोठ्या स्वतंत्र चर्चच्या पाळकाला अंतर्गत सुरक्षा विभागाने बोलावून घेतले आणि त्याने जाहीर माफी मागितली. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा भूत काढण्याच्या निमित्ताने केलेली मारहाण, साखळदंड, मिरचीची धुरी यांना गुन्हा ठरवतो, म्हणजे पीडिताच्या देहाकडे पाहतो. सिंगापूरच्या सलोखा कायद्याची नजर शेजारच्या धर्मावर असते. आत्मिक अधिकार सांगणाऱ्या चर्चांनी ही सीमा सहसा निमूट पाळली आहे.

महाराष्ट्राशी दुवा : अँग्लो-चायनीज स्कूलचे संस्थापक (१८८६) विल्यम ओल्डहॅम यांचा जन्म बंगळूरचा, मेथडिस्ट पंथाशी त्यांचे नाते जुळले ते पुण्यातल्या सभांमधून. पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली झालेले जागरण हे आशियातील करिस्मॅटिक परंपरेच्या आरंभबिंदूंपैकी एक मानले जाते.