बडोद्याची मोत्यांची चादर

गालिचा पायाखाली अंथरला जातो, चादर मजारीवर चढवली जाते. जगभर ‘बडोद्याचा मोत्यांचा गालिचा’ म्हणून ओळखली जाणारी वस्तू मुळात चादरच होय.

महाराज खंडेराव गायकवाड (कारकीर्द १८५६–१८७०) यांनी ती १८६५च्या सुमारास करवून घेतली. मदिना येथील प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांच्या रौज्यास ती नजर करावी, असा त्यांचा हेतू होता, असे परंपरेने सांगितले जाते. मराठी राजाच्या मनात ही कल्पना यावी यात नवल नाही. ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्याची बीडच्या मन्सूरशहा अवलियांवरील श्रद्धा प्रसिद्धच आहे. दर्ग्यावर चादर चढवणे हा मराठी मुलखातील हिंदू-मुसलमानांचा सामायिक रिवाज होता.

मात्र घडणीचा विचार केला की एक अडचण दिसते. हरणाच्या कातड्यावर रेशीम, त्यावर पंधरा लाखांहून अधिक बारीक बसरा मोती, शिवाय काचमणी, हिरे, माणके आणि पाचू. लांबी सुमारे २६४ सें.मी., रुंदी १७४ सें.मी. दर्ग्यावरील कापडी चादर चार टोके धरून मिरवीत आणतात. मजारीवर टाकली की ती कडांवरून सैल ओघळते आणि नवी आली की जुनी उतरते. काबागृहाचा गिलाफही दरवर्षी बदलतो. रत्नजडित चादर ना ओघळणार, ना बदलणार. शिवाय मदिनेतील हुजऱ्याभोवती उमर बिन अब्दुल अझीझ यांच्या वेळची बिनदाराची पंचकोनी भिंत आहे. तेथे गिलाफ सोडला जातो तो भिंतीवरून. कबरीवर वस्त्र पसरण्याचा प्रश्नच येत नाही. तेव्हा ही चादर घडवताना कारागिरांसमोर मदिनेची वास्तू नसून हिंदुस्थानातील दर्गा असावा, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

१८७० मध्ये खंडेरावांचे निधन झाले आणि नजर बडोद्याच्या जामदारखान्यातच राहिली. १९०२–०३च्या दिल्ली प्रदर्शनात ती लोकांनी पाहिली, ती राजवैभवाचा नमुना म्हणून. पुढे महाराणी सीतादेवींबरोबर ती मोनॅकोला गेली. मार्च २००९ मध्ये दोहा येथे सुमारे ५५ लाख डॉलरला तिचा लिलाव झाला. बसरा मोती हे मुळात आखातातलेच. म्हणजे मोती घरी परतले, मदिना मात्र दूरच राहिली. कतारच्या राष्ट्रीय संग्रहालयातही तिची ओळख ‘गालिचा’ अशीच आहे.