सुरंजान ते झेंडू

दसऱ्याच्या आदल्या दिवशी नववीच्या एका मुलाने मोबाइलवर आलेला निरोप वर्गात सांगितला : मोठी फुले रसायनाने बनवण्याचा शोध इब्न सीनाने लावला, युरोपने तो चोरला. मुलांचे चेहरे खुलले. मला मात्र 'असे नाही' म्हणावे लागले, आणि ते जड गेले. कारण त्या खोट्याच्या आत एक खरी गोष्ट होती.

माझ्या अब्बांना गाऊट होता. पायाचा अंगठा सुजला की चादरीचा स्पर्शही सोसायचा नाही. हकीमसाहेब माजून सुरंजान द्यायचे. पुढे डॉक्टरांनी कोल्चिसिनची गोळी लिहून दिली. सुरंजान आणि कोल्चिसिन यांचे नाते मला फार उशिरा कळले.

सुरंजान म्हणजे कोल्चिकम जातीचा कंद. त्याचे फूल केशरासारखे दिसते. युरोपातल्या जातीला ते शरद ऋतूत, पाने नसताना येते. सांधेदुखीवर हा कंद इब्न सीना सांगतो. पण त्याच्या आधी, सहाव्या शतकात, ट्रॅलेसचा अलेक्झांडर हा ग्रीक वैद्यही तो वापरत होता. अरबी-फारसी हकिमांनी हे ज्ञान जपले, वाढवले, पुढे दिले. हा कंद विषारी आहे, हेही त्यांना ठाऊक होते.

1820 मध्ये फ्रान्सच्या पेलेटिये आणि कॅव्हांटू यांनी कोल्चिकममधून त्याचे मुख्य द्रव्य वेगळे काढले. तेच पुढे कोल्चिसिन म्हणून ओळखले गेले. ते पेशींच्या विभाजनात अडथळा आणते, हे 1930 नंतरच्या काळात नीट उमगले. पेशी दुभंगताना गुणसूत्रांच्या जोड्या धाग्यांनी दोन टोकांना ओढल्या जातात. कोल्चिसिन हे धागेच तयार होऊ देत नाही. गुणसूत्रे दुप्पट झालेली असतात, पण पेशी एकच राहते. 1937 मध्ये अमेरिकेत ब्लेकस्ली आणि एव्हरी यांनी धोतऱ्यासारख्या वनस्पतींवर हे करून दाखवले, आणि फुलझाडांच्या पैदाशीचे एक नवे दार उघडले.

ते दार ओलांडणाऱ्यांत बियाणे-व्यापारी डेव्हिड बर्पी होता. त्याच्या कंपनीने 1940 च्या दशकात 'टेट्रा' नावाचे झेंडू आणि स्नॅपड्रॅगन बाजारात आणले. मोठ्या झेंडूच्या पेशीत 24 गुणसूत्रे असतात. दुप्पट झाली की 48. अशा रोपांची पाने जाड आणि फुले बहुधा मोठी होतात. पण हा सौदा फुकटचा नाही. द्रावणात भिजवलेली कितीतरी रोपे मरतात, काहींत थोड्याच पेशी बदलतात, आणि जी जगतात त्यांना बी कमी धरते. त्यांतून चांगले रोप निवडायला माळ्याच्या कित्येक पिढ्यांची जुनीच नजर लागते. शिवाय कोल्चिसिन गुणसूत्रांची संख्या बदलते. जनुकांतला मजकूर बदलणारी रसायने वेगळी. आणि बाजारातला प्रत्येक टपोरा झेंडू काही या औषधातून आलेला नाही. बहुतेक जाती संकर आणि निवडीच्याच आहेत.

मुलांना मी एवढेच सांगितले. इब्न सीनाला गुणसूत्रे माहीत नव्हती, असण्याचे कारणही नव्हते. त्याच्या नावावर न केलेला शोध चढवला, तर त्याने खरोखर केलेले काम झाकले जाते. आणि ज्यांनी पुढचा शोध लावला त्यांना चोर म्हटले, तर आपणच खोटे बोलतो. ग्रीक वैद्याकडून अरबी हकिमाकडे, तिथून पॅरिसच्या प्रयोगशाळेत आणि मग अमेरिकेच्या बागेत, असा तो कंद फिरला. या साखळीत आपली कडी आहे. अख्खी साखळी आपली नाही.

निरोप सांगणारा मुलगा थोडा हिरमुसला. मग त्याने विचारले, "सर, सुरंजान उर्दूत कसं लिहितात?" मी फळ्यावर लिहून दाखवले. त्याने ते वहीत उतरवून घेतले.