निंबोळी अर्क

कडुनिंबाच्या बियांपासून घरच्या घरी तयार होणारे कीडरोधक. भेंडी, वांगी, मिरची, टोमॅटो अशा परसबागेतल्या भाज्यांवर मावा, तुडतुडे, पांढरी माशी आणि पाने खाणाऱ्या लहान अळ्या यांच्यासाठी ते फवारतात.

निंबोळीतले मुख्य द्रव्य अझाडिरॅक्टिन. हे झटपट मारणारे विष नव्हे. फवारलेले पान किडीला खाववत नाही. तरीही थोडे पोटात गेलेच, तर अळीला कात टाकायला लावणाऱ्या संप्रेरकाच्या कामात बिघाड होतो आणि ती वाढीच्या मधल्याच टप्प्यावर मरते. मादी अशा पानावर अंडीही कमी घालते. याला काही दिवस लागतात. दुसऱ्या दिवशी कुंडीत मेलेल्या किडी शोधणाऱ्याला अर्क वाया गेला असे उगाच वाटते.

टोळधाडीत इतर झाडे बोडकी होत असताना कडुनिंब मात्र हिरवा राहतो, हे जर्मन कीटकतज्ज्ञ हाइनरिश श्मुटरर यांनी १९५९मध्ये सुदानमध्ये पाहिले. पुढे १९६८मध्ये अझाडिरॅक्टिन वेगळे काढण्यात आले. कडुनिंबाच्या तेलाच्या बुरशीनाशक वापरावर युरोपात दिलेले एकस्व भारतातून झालेल्या विरोधानंतर २०००मध्ये रद्द झाले. त्यावरचे अपील २००५मध्ये फेटाळले गेले.

उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पावसाच्या सुरुवातीला पिकून पडलेल्या निंबोळ्या गोळा करून, गर धुऊन, बिया सावलीत वाळवतात. बुरशी लागलेली बी घेऊ नये. पाच टक्के अर्कासाठी ५० ग्रॅम बियांची भरड थोड्या पाण्यात रात्रभर भिजवतात, सकाळी फडक्यातून पिळून गाळतात आणि पाणी घालून १ लिटर करतात. त्यात साधारण २ ग्रॅम साबणचुरा विरघळवला की अर्क पानाला चिकटतो. तो त्याच दिवशी संपवावा. उन्हात अझाडिरॅक्टिनचा प्रभाव लवकर ओसरतो, म्हणून फवारणी संध्याकाळी करतात, पानांच्या खालच्या बाजूनेही. तेव्हा मधमाश्यांची वर्दळही थांबलेली असते. आठ-दहा दिवसांनी किंवा जोराच्या पावसानंतर ती पुन्हा करावी लागते.

वांग्यात शिरलेल्या अळीपर्यंत अर्क पोहोचत नाही. कीड लागलेले शेंडे आणि फळे तोडून नष्ट करणे हाच तिथे उपाय. मेणचट आवरणाच्या पिठ्या ढेकणावरही त्याचा फारसा जोर चालत नाही. तो आधी ओल्या फडक्याने पुसून काढलेला बरा.