गळ्यावर बोट ठेवून

गेल्या महिन्यात रत्नागिरीला घरी गेलो होतो. शनिवारची दुपार, जेवणं उरकलेली, वीज गेलेली. भाची ओटीवर बसून व्याकरणाचा तक्ता पाठ करत होती. "क ख ग घ ङ कंठ्य, च छ ज झ ञ तालव्य..." मध्येच थांबून म्हणाली, "मामा, क म्हणताना गळ्यात तर काहीच होत नाही. मग कंठ्य कसा?"

खरं सांगायचं तर चाळिशी उलटली तरी मला हा प्रश्न कधी पडला नव्हता. मी 'क' म्हणून बघितला. जिभेची मागची बाजू उचलली जाते आणि वर टाळूच्या मऊ भागाला टेकते, पडजिभेच्या जरा पुढे. गळा आपला शांत! पोरीचं बरोबर होतं. पुण्याला परतल्यावर दोन-तीन वीकएंड याच्या मागे घालवले, त्यातून हा लेख.

आधी थोडं शरीरशास्त्र. गळ्यावर बोट ठेवा. पुढे टोचतो तो कंठमणी, म्हणजे स्वरयंत्राच्या सर्वात मोठ्या कूर्चेचं पुढे आलेलं टोक. त्याच्या आत दोन स्वरतंतू आहेत. 'तंतू' म्हणत असले तरी त्या सतारीच्या तारा नव्हेत, त्या आहेत स्नायू आणि पातळ पडद्याच्या दोन घड्या. श्वास घेताना त्या लांब असतात. जवळ आल्या आणि खालून हवा आली की थरथरतात. पुरुषाच्या बोलण्यात सेकंदाला साधारण शंभर-सव्वाशे वेळा, बाईच्या दोनशेच्या आसपास. आता बोट तसंच ठेवून लांब 'स्ऽऽऽ' करा. काही नाही. मग 'म्ऽऽऽ' करा. बोटाखाली भुंगा लागेल.

आता तोच तक्ता पुन्हा बघा. क आणि ख म्हणताना त्या घड्या उघड्या. ग, घ, ङ म्हणताना थरथरतात. ख आणि घ मध्ये जादा हवा. ङ मध्ये मऊ टाळूचा पडदा खाली येतो आणि हवा नाकातून जाते. चवर्ग, टवर्ग, तवर्ग, पवर्ग, सगळीकडे हाच क्रम. म्हणजे आडव्या ओळी तोंडाच्या आहेत आणि उभे रकाने गळ्याचे! पहिलीत आपण घोकतो ती वर्णमाला हा गळ्याचा नकाशा आहे, आणि हे मला इंजिनियर होऊन वीस वर्षं झाल्यावर कळतंय.

हा नकाशा काढला कसा? गळा फाडून नव्हे. प्रेत पाण्यात कुजवून थर उलगडून बघायची रीत सुश्रुतसंहितेत आहे, पण मेलेला गळा बोलत नाही. वेदपठणाचे उच्चार बिघडू नयेत म्हणून इसवी सनाच्या आधीच्या शतकांत प्रातिशाख्यं रचली गेली, त्यांतलं काम कानाने आणि स्वतःच्या घशातल्या जाणिवेने झालेलं आहे. तैत्तिरीय प्रातिशाख्य सांगतं की कंठ मिटलेला असेल तर नाद होतो, उघडा असेल तर श्वास, आणि मधल्या अवस्थेत ह. वर हेही सांगतं की घ, झ, ढ, ध, भ यांच्यात हाच ह मिसळलेला असतो. आजचं ध्वनिशास्त्र याला दुजोरा देतं: आपला ह आणि हे महाप्राण म्हणताना स्वरतंतू थरथरतात, पण पुरते मिटत नाहीत. आमच्या धंद्यात याला ब्लॅक बॉक्स टेस्टिंग म्हणतात. खोका उघडायचा नाही. आत काय घालतो आणि बाहेर काय येतं, एवढ्यावरून आतलं ओळखायचं.

युरोपातली वाट वेगळी. दुसऱ्या शतकात रोममध्ये गॅलनने जिवंत डुकराच्या मानेतली एक बारीक नस कापून दाखवली आणि त्याचं ओरडणं बंद पडलं. १७४१ साली पॅरिसमध्ये फेरॅंने मृत स्वरयंत्रांत हवा फुंकून आवाज काढला आणि त्या घड्यांना तारांची उपमा दिली. 'तंतू' हा घोळ तिथला. बोलत्या-गात्या माणसाचे स्वरतंतू नीट पाहिले ते १८५४ साली, आणि तेही डॉक्टरने नव्हे. मॅन्युएल गार्सिया या गायनमास्तराने पॅरिसमध्ये दंतवैद्याचा लांब दांड्याचा आरसा गरम पाण्यात बुडवून घशात धरला, दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडलं आणि स्वतःचाच गळा बघितला. पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याचा निबंध वाचला गेला. त्यानंतर सात वर्षांनी, १८६२ साली, व्हिटनी या अमेरिकन पंडिताने अथर्ववेदाचं प्रातिशाख्य इंग्रजीत आणलं, पुढे तैत्तिरीयाचंही. घोष-अघोष हा भेद युरोपच्या ध्वनिशास्त्राला नीट उमगला त्यात या ग्रंथांचा मोठा वाटा आहे.

मग भाचीचा 'क'? गंमत इथेच आहे. ऋक्प्रातिशाख्य आणि पाणिनीय शिक्षा या दोन्ही ठिकाणी कवर्गाचं स्थान जिव्हामूळ दिलंय, म्हणजे जिभेचं मूळ. शिक्षेत कंठ्य म्हणून आहेत ते अ आणि ह. अगदी बरोबर! पण सतराव्या शतकातल्या भट्टोजी दीक्षितांच्या सिद्धान्तकौमुदीत अ, कवर्ग, ह आणि विसर्ग हे सगळे एकाच 'कंठ' खात्यात आहेत, आणि पाठशाळांत घोकली गेली ती कौमुदी. मराठीत १८३६ साली दादोबा पांडुरंगांचं व्याकरण छापलं गेलं, १९११ साली मोरो केशव दामल्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' आलं (हे दामले म्हणजे मालगुंडच्या केशवसुतांचे धाकटे भाऊ, आमच्या रत्नागिरीकरांना हे सांगितल्याशिवाय राहवत नाही). मराठी व्याकरणात वर्णांची स्थानं आली ती संस्कृतातूनच. मला वाटतं, संधीचे नियम चालवायला ढोबळ खातं पुरत होतं, म्हणून कुणी हात लावला नाही. जुन्या कोडमधल्या कॉमेंटसारखंच हे. प्रोग्रॅम चालतोय ना, मग कॉमेंट कोण वाचतो!

इथे थांबलो असतो. पण पाचव्या रकान्याने मला थोडं छळलं.

माझी आजी घरात चित्पावनी बोलायची. १९०५ साली निघालेल्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात रत्नागिरीकडच्या या बोलीची वेगळी नोंद आहे. तिच्यातले अनुनासिक स्वर ठसठशीत. जुन्या मराठीत 'तें', 'केलें' असे टिंब देऊन लिहायचे. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी उच्चार न होणारे अनुस्वार काढून टाकले. छापणाऱ्यांचं आणि मुलांचं ओझं कमी झालं, तक्रार नाही. फक्त आमच्या ओटीवर त्यांतल्या कित्येकांचा उच्चार होत होता.

पाचवीत मी पुण्याच्या शाळेत आलो. पहिल्याच आठवड्यात वर्गात उभं राहून वाचलं आणि मागून कुणीतरी "गेंगाण्या" म्हणालं. बाई हसल्या नाहीत, पण "नाकात बोलू नकोस, नीट बोल" म्हणाल्या. सहा महिन्यांत मी नीट बोलायला लागलो. सुट्टीत घरी गेलो तर आजी म्हणाली, "पुणेकर झालास हो."

आज कळतं की नाकाचा काही दोषच नव्हता. नाक नुसती पोकळी. काम करतो तो घशाच्या वरचा पडदा, मऊ टाळू. तो वर गेला की नाकाची वाट बंद, खाली आला की उघडी. सर्दीत नाक चोंदलं की 'मामा'चं 'बाबा' होतं ते यामुळेच. आजीच्या गळ्याला तो पडदा स्वर चालू असताना हलकेच खाली सोडता यायचा. मी सहा महिने खपून शिकलो ते तो वर धरून ठेवायला.

आजी जाऊन अकरा वर्षं झाली. तिचं बोलणं कुणी टेप केलं नाही. परवा भाचीला फोन करून हे सगळं सांगितलं. म्हटलं, नाक चिमटीत धर आणि 'केले' म्हण. आवाज बदलला नाही. मग मी चिमटीत नाक धरून आजीसारखं 'केलें' म्हटलं. आवाज कोंडला. म्हणजे पडदा खाली आला होता, इतक्या वर्षांनी. "परत म्हण ना मामा," ती म्हणाली. चार-पाच प्रयत्नांत तिलाही जमलं.

शेवटी विचारलं, "मग पेपरात क काय लिहू?"

म्हटलं, कंठ्यच लिही, मार्क जातील. पण लिहिताना एकदा गळ्यावर बोट ठेवून बघ.

असो. पुढच्या शनिवारी भेटू.