एक भागिले शून्य

आजचा प्रश्न: संख्या माणसाने बनवल्या, की त्या होत्याच आणि आपल्याला सापडल्या?

इ.स. 628. भिल्लमाल, म्हणजे आजच्या राजस्थानातलं भीनमाळ. तिथल्या ब्रह्मगुप्ताने 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' लिहिला आणि शून्याचे रीतसर नियम दिले. धन म्हणजे जमा, ऋण म्हणजे कर्ज. आणि बिनधास्त सांगून टाकलं, शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य! पुढे 1150 च्या सुमारास भास्कराचार्य (तेच, 'लीलावती'वाले) म्हणाले, शून्याने भागलेली संख्या म्हणजे 'खहर', अनंत.

आता कोडकडे या. 1 भागिले 0 केलं की पायथन एरर देते. जावास्क्रिप्ट म्हणते इन्फिनिटी. गणिती सिद्धता तपासणारी लीन ही भाषा चक्क 0 देते. तीन भाषा, तीन उत्तरं. म्हणजे बनवाबनवीच की!

थांबा जरा. 6 भागिले 2 तीन येतात, कारण 3 ला 2 ने गुणलं की 6 परत मिळतात. तसंच इथे उत्तराला शून्याने गुणून 1 परत मिळवा बघू. जावास्क्रिप्ट म्हणते 'नॉट अ नंबर', लीन म्हणते 0. एक काही मिळत नाही.

मिळणारच नाही. समजा, शून्य गुणिले क्ष बरोबर 1. पण शून्य म्हणजे शून्य अधिक शून्य. म्हणजे तोच गुणाकार 1 अधिक 1, म्हणजे 2 झाला. एक बरोबर दोन!

नावं आणि चिन्हं आपण बनवली, हे मला मान्य. पण ही अडचण कुणी बनवली? माझ्या मते कुणीच नाही. भास्कराचार्यांच्या 'खहर'लाही ती होतीच, तेव्हा कॉम्प्युटर नव्हता एवढंच.