क्रिम्पिंग पक्कड : निवड व वापर

वायरीच्या टोकावर थिंबल, लग किंवा पिन दाबून कायमची बसवण्याचे हत्यार. धातूची नळी आणि तिच्यातल्या तारा ठरलेल्या आकारात एकत्र दाबल्या, की मधल्या फटी नाहीशा होतात, धातू धातूला घट्ट भिडतो आणि डाख न लावता जोड तयार होतो. अशी टर्मिनले रूढ करण्यात १९४१ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या एएमपी कंपनीचा मोठा वाटा आहे.

भिलाईतील महत्त्व : छत्तीसगडमधील दुर्ग जिल्ह्यातल्या या शहरात सोव्हिएट संघाशी १९५५ मध्ये झालेल्या करारातून पोलाद कारखाना उभा राहिला. त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी केले. दक्षिण पूर्व मध्य रेल्वेची विद्युत लोको शेडही येथे आहे. क्रेन, रोलिंग मिल आणि रेल्वे इंजिने यांच्या वायरिंगला उष्णता, धूळ आणि हादरे सतत सोसावे लागतात. जोड सैल असेल तर त्याचा रोध वाढतो व तो तापतो. तापल्याने ऑक्साइड साचते आणि रोध आणखी वाढतो. अखेर इन्सुलेशन जळून आग लागू शकते. म्हणूनच अशा ठिकाणी पक्कडीची निवड हा सुरक्षेचा प्रश्न ठरतो.

निवडीचे निकष : थिंबल, वायर आणि पक्कडीची डाय एकमेकांना जुळलीच पाहिजेत. प्लॅस्टिकचे आवरण असलेल्या थिंबलांवर रंगांची खूण असते : लाल ०.५ ते १.५, निळी १.५ ते २.५ आणि पिवळी ४ ते ६ चौ. मिमी वायरीसाठी. त्यांना लंबगोल खाचेची डाय लागते. बहुतारी वायरीच्या पिनांना चौकोनी, षट्‌कोनी किंवा समलंब दाब देणारी पक्कड लागते. वाहनांच्या वायरिंगमधील उघड्या पाकळ्यांच्या टर्मिनलांसाठी पाकळ्या आत वळवणारी डाय वापरतात. जाड केबलचे तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे लग हायड्रॉलिक यंत्राने, आकारानुसार बदलणाऱ्या षट्‌कोनी डायमध्ये दाबतात. ॲल्युमिनियमची केबल तांब्याच्या पट्टीला जोडताना द्विधातू लग घेतात. तारा घासून ऑक्साइड काढतात आणि ते पुन्हा धरू नये म्हणून संयोजक पेस्ट लावतात.

नेहमीच्या कामासाठी रॅचेटची पक्कड घ्यावी. दाब पूर्ण झाल्याशिवाय ती उघडत नाही, त्यामुळे थकलेल्या हातानेही जोड अर्धवट राहत नाही. साध्या पक्कडीत दाब कारागिराच्या मनगटावर अवलंबून असतो. कटिंग प्लायरने किंवा हातोडीने दाबलेले थिंबल बाहेरून पक्के वाटले, तरी आत फटी राहतात किंवा तारा तुटतात.

तपासणी : तारा न कापता वायर सोलावी. दाबल्यावर तारांची टोके नळीच्या तोंडापुढे किंचित दिसावीत आणि इन्सुलेशन तारांच्या नळीत शिरू नये. नव्या पक्कडीवर किंवा वायरीच्या नव्या मापावर आधी नमुने करून ओढ-चाचणी घ्यावी. आयईसी ६०३५२-२ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार १.५ चौ. मिमी वायरीच्या जोडाने किमान १५० न्यूटन, तर २.५ चौ. मिमीच्या जोडाने किमान २३० न्यूटन ओढ सहन केली पाहिजे. म्हणजे साधारण १५ आणि २३ किलो वजनाइतकी. चाचणीत ताणलेला नमुना प्रत्यक्ष जोडणीत वापरू नये.

देखभाल : डायवरची धूळ व ग्रीस पुसावे. झिजलेली डाय बदलावी आणि ओढ-चाचणी ठराविक काळाने पुन्हा घ्यावी, कारण झीज डोळ्यांना दिसण्याआधीच दाब कमी होऊ लागतो. वेगवेगळ्या मापांच्या थिंबलांवर एकच पक्कड भागवून नेण्यापेक्षा योग्य डायचा संच घेण्यात शहाणपण आहे. क्रेनच्या पॅनेलमधला एक जोड तापला तरी काम थांबते आणि खाली उभ्या माणसाचा जीव धोक्यात येतो.