चांद्याची वेस आणि एस्. टी. चा थांबा

एखाद्या जुन्या शहराचा इतिहास पाहावयाचा म्हणजे राजांच्या वंशावळी पाठ कराव्यात, असा आपला समज असतो. वंशावळींना त्यांचे स्थान आहेच. परंतु जे शहर बाजारावर वाढले, त्याचा इतिहास त्याच्याकडे येणाऱ्या वाटांवर लिहिलेला असतो, आणि त्या वाटा पाहावयाच्या तर सर्वांबरोबर तिकीट काढून, एस्. टी. ने किंवा आगगाडीने तेथे गेले पाहिजे. श्रोतेहो, चंद्रपूर म्हणजे जुने चांदा, हे असेच एक शहर आहे. तेथे अशा रीतीने गेल्यास काय दिसते, एवढेच आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

प्रथम एस्. टी. स्थानकावरील गाड्यांच्या पाट्याच वाचाव्यात. मूल, सिंदेवाही, चिमूर, वरोरा, राजुरा, गोंडपिपरी, गडचिरोली, अहेरी. ही नावे म्हणजे जुन्या चांद्याच्या बाजाराचे पाणलोट क्षेत्रच होय. त्यांतील राजुरा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते आणि १९५९ मध्ये ते चांदा जिल्ह्यास जोडले गेले. गडचिरोली २६ ऑगस्ट १९८२ रोजी स्वतंत्र जिल्हा झाला, आणि वैनगंगा दोन जिल्ह्यांमधली सीमा बनली. कागदावरच्या सीमा अशा अनेकदा हालल्या. बाजाराच्या वाटा मात्र सहसा हालल्या नाहीत. गडचिरोलीची गाडी आजही मूल, सावली करीतच वैनगंगा ओलांडते.

स्थानकावरून दक्षिणेकडे चालत निघाले की जटपुरा दरवाजा लागतो. शहराला चार दरवाजे: उत्तरेस जटपुरा, पूर्वेस अंचलेश्वर, दक्षिणेस पठाणपुरा, पश्चिमेस बिनबा. त्यांखेरीज पाच खिडक्या. हत्तीवर चाल करणारा सिंह हे गोंड राजांचे चिन्ह दरवाजांवर कोरलेले आहे. परंपरा सांगते की, बल्लारपूरच्या खांडक्या बल्लाळशहाने इरई आणि झरपट ह्या नद्यांच्या सान्निध्यात हे नगर वसविले आणि पुढच्या पिढ्यांनी तट पुरा केला. ह्या तटाचा घेर सुमारे अकरा किलोमीटर आहे.

एवढा मोठा तट केवळ शत्रूसाठी बांधला, असे मानणे एकांगी होईल. तटबंदीच्या शहरात वेस ही व्यवहाराची जागा असे. मालाची झडती तेथे, जकात तेथे, रात्री उशिरा आलेल्या गाडीवानाचा मुक्कामही तेथेच. अरण्यातून मोहफूल, लाख, चारोळी, हिरडा आणि कोसा यावयाचा. बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून मीठ आणि धान्य यावयाचे. अरण्यात मीठ पिकत नाही, आणि शहरात मोहफूल पडत नाही. ह्या साध्या गरजेतून बाजार उभा राहतो.

राज्ये बदलली. १७५१ मध्ये नीलकंठशहाचे राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेले. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी तट फोडून शहर घेतले. मोलमपल्लीचे जमीनदार बाबूराव पुल्लेसूर शेडमाके ह्यांनी इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले, आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगापुढे त्यांना फाशी देण्यात आली. गोंड राजांच्या वाड्याच्या जागी तुरुंग आणि त्यापुढे गोंड वीराचे बलिदान. अरण्यातून येणाऱ्या माणसाला ह्या शहरात बाजाराखेरीज आणखी काय आठवत असेल, हे येथे उभे राहिल्यावर कळते.

मग आगगाडी आली. वरोऱ्याच्या कोळशासाठी तिचे रूळ प्रथम तेथवर आले, नंतर विसाव्या शतकाच्या आरंभी बल्लारपूरपर्यंत. आणि १९२९ मध्ये काझीपेठेशी सांधा जुळल्यावर चांदा दिल्ली-मद्रासच्या हमरस्त्यावर आले. दुसरी, अरुंद मापाची गाडी गोंदियाहून नागभीडमार्गे ‘चांदा फोर्ट’ला येई. शहराचे नाव १९६४ च्या सुमारास चंद्रपूर झाले, पण ह्या स्थानकाच्या पाटीने जुने नाव जपले. तो मार्ग पुढे रुंद झाला. नागभीड-नागपूर हा अरुंद फाटा मात्र २०१९ पर्यंत धावला आणि रुंदीकरणासाठी बंद झाला.

ह्या वाटांनी केवळ माल आला नाही. राणी हिराईने बांधविलेल्या महाकालीच्या देवळात चैत्रात यात्रा भरते, तेव्हा नांदेड-परभणीकडचे भाविक गाड्या भरभरून येतात आणि झरपटेत स्नान करतात. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे लोकांना धम्मदीक्षा दिली. त्या दिवसाच्या स्मरणार्थ दरवर्षी जिल्ह्या-जिल्ह्यांतून माणसे येतात. बाजार, यात्रा आणि दीक्षा ह्यांची वाट एकच आहे.

आज चंद्रपूरची ओळख कोळसा आणि वीज ह्यांवरून होते. सुमारे २,९०० मेगावॉटचे औष्णिक केंद्र शहराच्या उंबऱ्याशी आहे. पण कोळशाच्या वाघिणी शहरात न शिरताच निघून जातात. शहरात शिरतो तो पिशवी घेतलेला माणूस. २०१७ पासून इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी तटावरची झुडपे तोडून, माती उपसून तट पुन्हा दृष्टीस पडेल असा केला, हे मोठेच काम होय. मात्र जटपुरा दरवाजाशी वाहनांची कोंडी रोजची आहे. ज्या वेशीने माणसे आत घ्यावयाची, तेथेच ती अडकतात. दगड राखणे हे अर्धे कर्तव्य. वेशीतून येणारा माणूस राखणे हे उरलेले अर्धे.

ते कसे राखावयाचे? गडचिरोली जिल्ह्यात देसाईगंज-वडसा वगळता वर्षानुवर्षे आगगाडीचे स्थानक नव्हते. अशा मुलखात एस्. टी. हीच आगगाडी. २०२१ च्या अखेरीस सुरू झालेल्या संपात ती कित्येक महिने अडली, तेव्हा दूरच्या गावांना शहर किती लांब आहे, हे नव्याने समजले. मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट झाले. दिवस वाचवून बाजार करणाऱ्या बाईच्या हिशेबात त्या अर्ध्या तिकिटाला मोल आहे. पण गाडीच आली नाही, तर सवलत कशावर घ्यावयाची?

राजांनी तट बांधला, परंतु चांदा जगले ते दरवाजांमुळे. आज त्या शहराचे दरवाजे चारच नाहीत, एस्. टी. चे स्थानक हा पाचवा आणि आगगाडीचा फलाट हा सहावा. जुन्या चार दरवाजांच्या डागडुजीची चिंता वाहताना ह्या दोन दरवाजांचीही वाहिली पाहिजे. अरण्यातल्या शेवटच्या गावची गाडी वेळेवर निघते की नाही, हा चंद्रपूरच्या इतिहासाचाच प्रश्न आहे.